पाच वर्षं स्टँडअप केल्यावर कादंबरी जमते का?

घोडबंदरकर:
नमस्कार मंडळी, ठाण्यात राहतो, पाच वर्षं मराठी स्टँडअप करतोय, ओपन माइक (कोणालाही पाच मिनिटं स्टेज मिळतं ते कार्यक्रम) मिळेल तिथे, कधी वाशी कधी दादर. आता कादंबरी लिहायला घेतलीये, वागळे इस्टेटमधे कारखान्यात असलेल्या माझ्या आजोबांवर, आणि पुढेमागे लिखाणाचे वर्गही घ्यायचेत. पण चाळीस पानांवर अडकलोय. दर चौथ्या ओळीला पंच, म्हणजे हशा काढणारं वाक्य, येतो, आजोबांचं दुःख आलं की हात आपोआप विनोदाकडे वळतो. असा कोणी कॉमेडियन आहे का जो कादंबरीकार झाला, आणि नंतर शिकवायलाही लागला?

तलावपाळी_वाचक:
अमेरिकन कॉमेडियन स्टीव्ह मार्टिन बघ. सत्तरच्या दशकात हजारोंचे शो हाऊसफुल करायचा आणि ऐन भरात असताना 1981 ला स्टँडअप सोडलं. 'शॉपगर्ल' ही लघुकादंबरी आली 2000 मधे, हातमोजे विकणाऱ्या एकट्या मुलीची गोष्ट, त्यात हसवायची अजिबात घाई नाही. मधल्या काळात सिनेमे लिहिले, नाटक लिहिलं, छोटे विनोदी लेख लिहिले, म्हणजे पाच मिनिटांच्या स्टँडअप सेटवरून थेट कादंबरीवर उडी नाही मारली. हल्ली ऑनलाइन कॉमेडीही शिकवतो. तू आधी एखादी दहा पानांची कथा पूर्ण कर ना.

ऐरोली_लोकल:
लांब कशाला, आपले द. मा. मिरासदार. ते मराठीचे प्राध्यापक, आणि शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकरांबरोबर गावोगाव कथाकथन करायचे. एखादं रेकॉर्डिंग लाव आणि तीच कथा पुस्तकात समोर धर, मी केलंय हे, बोलताना जिथे ते थांबतात तिथे कागदावर वाक्य काय करतंय ते दिसतं. स्टेजवर अर्धं काम तुझा पॉज आणि चेहरा करतो रे, कागदावर ते दोन्ही नाहीत, म्हणून तू पंच वाढवत बसतोस असं मला वाटतं. पंच आत्ता कापू नको. पूर्ण लिही, आठवडाभराने वाच आणि प्रत्येक विनोदाला विचार, हा आजोबांचा की माझा? तुझा असेल तर काढ. आणि वर्ग वगैरे नंतर, आधी चार जणांना मोठ्याने वाचून दाखव.

घोडबंदरकर:
आत्ता चाळीस पानं परत वाचली. बरेचसे माझेच निघाले. एक त्यांचा सापडला, कारखाना बंद पडल्यावरही महिनाभर ते सकाळी वेळेवर निघायचे आणि आजीला सांगायचे, डबा नको, आज कॅन्टीनला मेजवानी आहे. हे मी 31व्या पानावर एका ओळीत उरकलं होतं. आज रात्री तिथूनच सुरू करतोय.