शब्दचर्चा: ‘गुणारोपण’ की ‘कारणारोपण’?

प्रश्न (अमळनेर): बी.ए.च्या मानसशास्त्राच्या टिपणांत ‘ॲट्रिब्यूशन’ला ‘गुणारोपण’ म्हटलेलं असतं. मुलं त्याचा अर्थ ‘दुसऱ्याचे गुण सांगणं’ असा घेतात. ‘कारणमीमांसा’ चालेल का? आणि ‘वॉर्म’ माणसाला मराठीत काय म्हणावं?

जळगाव: सर, ‘कारणारोपण’ घ्या. मानसशास्त्रज्ञ फ्रिट्झ हायडर यांनी १९५८ मध्ये मांडलेला मुद्दा कारणाचाच आहे: समोरच्याच्या वागण्याचं कारण आपण एकतर त्याच्यात शोधतो, नाहीतर परिस्थितीत. ‘गुणारोपण’मध्ये परिस्थितीला जागाच उरत नाही. ‘कारणमीमांसा’ नको. मीमांसा सावकाश, पुरावे तपासून होते. हे तर क्षणात होऊन जातं.

रावेर: सहमत. उदाहरण इथलंच द्या. सालदार सकाळी उशिरा आला. अहिराणीत लगेच, ‘त्याना सभावच तसा शे.’ शेतीची वीज रात्री होती आणि तो केळीला पाणी देत जागला, हे कोणी विचारत नाही. हॅरॉल्ड केली यांच्या १९६७ च्या मांडणीतून तीन प्रश्न निघतात. त्या दिवशी बाकीचेही उशिरा आले का? (सहमती) तो याच कामाला उशिरा येतो की सगळ्याच? (विशिष्टता) नेहमी येतो की आजच? (सातत्य) इतर वेळेवर, हा मात्र सगळीकडे आणि नेहमी उशिरा, असं असेल तरच कारण त्याच्यात शोधावं. तिन्हींची उत्तरं ‘हो, याच कामाला, नेहमी’ अशी आली तर दोष कामाच्या वेळेत. आजच झालं असेल तर त्या दिवसाचं काहीतरी. गडबड होते ती पहिल्या प्रश्नावर. इतरांची चौकशी करायचं आपण विसरतो.

धुळे: परिस्थिती विसरून कारण माणसातच शोधायच्या या चुकीला ली रॉस यांनी १९७७ मध्ये नाव दिलं. कृपया त्याला ‘स्वभावदोष’ लिहू नका, काही उत्तरपत्रिकांत तसं दिसतं. स्वभावदोष म्हणजे त्या माणसातली खोट; इथे खोट पाहणाऱ्याच्या अनुमानात आहे. ‘मूलभूत कारणारोपण-प्रमाद’ लांबलचक असला तरी बरोबर आहे. जोन्स आणि हॅरिस यांचा १९६७ चा प्रयोग सोबत शिकवा: क्यूबाचे नेते फिडेल कॅस्ट्रो यांच्या बाजूने किंवा विरोधात लिहिलेले निबंध वाचायला दिले. बाजू लेखकाला नेमून दिली होती हे सांगूनही वाचकांनी ते बऱ्याच अंशी त्याचंच मत धरलं.

जळगाव: ‘वॉर्म’बद्दल. सोलोमन ॲश यांनी १९४६ मध्ये एका माणसाच्या हुशार, कुशल, उद्योगी, निश्चयी, व्यवहारी, सावध या गुणांच्या यादीत एकाच जागी एका गटासाठी ‘वॉर्म’, दुसऱ्यासाठी ‘कोल्ड’ घातलं. तेवढ्याने चित्र पालटलं: पहिल्या गटातल्या ९१ टक्के लोकांनी त्याला उदार म्हटलं, दुसऱ्यात फक्त ८. त्याच जागी ‘सभ्य’ किंवा ‘फटकळ’ घातल्यावर फरक पुष्कळ कमी पडला. आता मराठीत ‘गरम’ माणूस म्हणजे तापट, आणि ‘थंड’ म्हणजे हालत नाही असा! शब्दशः भाषांतर केलं तर प्रयोगच उलटा होईल. ‘मायाळू’ आणि ‘कोरडा’ ही जोडी घ्या.

नंदुरबार: ताई, ‘मायाळू’त वडीलधारेपणा डोकावतो. वीस वर्षांच्या मुलाला कोणी मायाळू म्हणत नाही. ‘जिव्हाळ्याचा’ बसतं का पाहा. ‘कोरडा’ मात्र अचूक.

जळगाव: ‘जिव्हाळ्याचा’ म्हणजे आपल्या जवळचा, त्यात नातं आलं. अनोळखी माणसाचं वर्णन त्याने होत नाही. ‘प्रेमळ’ कोणत्याही वयाला लागतो, तोच ठेवू.