विमानात तेलकट, धुरकट वास सुटला तर काय करावं? दमा असलेल्या सासूबाईंसाठी माहिती हवी आहे

नमस्कार मंडळी,

दिवाळीनंतर सासूबाईंना घेऊन नाशिकजवळच्या ओझर विमानतळावरून पुन्हा हैदराबादला जायचं आहे, नणंदेकडे. त्याआधी एका बाबतीत जाणकारांची मदत हवी आहे. उडत्या विमानात तेलकट, धुरकट वास सुटला तर दम्याच्या माणसाने जागेवर बसल्या बसल्या नेमकं काय करायचं? आणि त्या प्रकाराची नोंद व्हावी म्हणून कोणाच्या मागे लागायचं?

मागच्या खेपेला हे घडलंय म्हणून विचारतेय. उड्डाण झालं, इंजिनाचा जोर वाढला आणि डोक्यावरच्या हवेच्या झोतातून ओल्या मोज्यांसारखा कुबट वास आला. मागोमाग जळक्या तेलाचा. धूर काही दिसत नव्हता. आईंनी आधी पदर नाकाला लावला, मग पिशवीतून पंप काढला, पण हात इतका थरथरत होता की त्याचं टोपण निघेना. ते मी काढून दिलं. बटण दाबून क्रूमधल्या मुलीला बोलावलं तर म्हणाली, "एसीचा वास आहे, जाईल." विमान वर स्थिरावल्यावर गेलाही. पण आईंचं डोकं उतरेपर्यंत ठणकत होतं आणि घसा पुढे दोन दिवस जळजळत होता. विमान कंपनीला मेल केला, त्यावर 'तांत्रिक दोष आढळला नाही' एवढंच उत्तर आलं.

आमच्या शेजारचे काका एचएएलमधून, म्हणजे विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीतून, निवृत्त झालेत, सगळी नोकरी ओझरच्या हँगरमध्ये. त्यांनी समजावलं तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. बहुतेक प्रवासी विमानांत केबिनची हवा इंजिनातूनच येते. इंजिनाचा कॉम्प्रेसर बाहेरची हवा दाबतो, इंधन जळण्याआधीच त्यातली थोडी काढून घेतात, थंड करतात आणि आत सोडतात. त्याला ब्लीड एअर म्हणतात. फिरत्या दांड्याजवळचं सील झिजलं किंवा तेल जास्त भरलं गेलं, तर तापलेल्या तेलाची वाफ त्या हवेत मिसळू शकते, आणि इंजिनाचा जोर बदलताना ते जास्त जाणवतं. या तेलात ट्रायक्रेसिल फॉस्फेट नावाचं रसायन असतं, त्याचे काही प्रकार मज्जासंस्थेला घातक आहेत. बोइंग ७८७ मध्ये केबिनसाठी वेगळे विजेवर चालणारे कॉम्प्रेसर आहेत, पण आपल्या देशांतर्गत फेऱ्यांना बहुतेक जुन्याच पद्धतीची विमानं असतात.

मी समजत होते की विमानात हेपा फिल्टर असतो, म्हणजे काळजी नाही. काकांनी तोही भ्रम दूर केला. केबिनमधली साधारण निम्मी हवा फिरवून पुन्हा वापरतात, तिच्या वाटेत तो फिल्टर असतो. धूळ, जंतू तो पकडतो, वायू आणि वाफ नाही. वरून पडणारे पिवळे मास्कही इथे उपयोगाचे नाहीत, कारण त्यांत ऑक्सिजनबरोबर केबिनचीच हवा मिसळते. ते हवेचा दाब कमी झाला तर वापरायचे. वैमानिकांचे मास्क वेगळे, त्यांना शंभर टक्के ऑक्सिजन मिळतो.

प्रत्येक वास वाईट असतो असंही नाही. पुढच्या विमानाचा धूर जमिनीवर असताना आत येतो, तो थोड्या वेळात विरतो. पावसाळ्यात झोतातून पांढरं धुकं येतं, ते नुसतं बाष्प.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती फार कमी लोकांना ठाऊक दिसते. उतरल्यावर जवळच्या दवाखान्यात बोटाला ऑक्सिमीटर लावला, आकडा ९७ आला आणि आम्हाला घरी पाठवलं. इथे आल्यावर आमच्या छातीच्या डॉक्टरांनी सांगितलं की तापलेल्या तेलातून कार्बन मोनॉक्साइडही निघू शकतो, आणि साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन आणि तो वायू यांतला फरक कळत नाही. विषारी वायू रक्तात असला तरी आकडा छान दिसू शकतो. कार्बोक्सीहिमोग्लोबिन (कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन) किती आहे हे पाहणारी रक्ताची वेगळी तपासणी असते, ती लवकर करावी लागते, कारण साध्या हवेत श्वास घेत राहिलं तरी चार-पाच तासांत ते प्रमाण निम्म्यावर येतं. आमची ती वेळ निघून गेली होती.

आता माझे प्रश्न. डोक्यावरचा झोत अशा वेळी उघडा ठेवावा की बंद? काका म्हणतात, तिथेही तीच हवा येते. एन-९५ वाफ अडवत नाही हे कळलं, पण कोळशाचा थर असलेले मास्क मिळतात, ते दम्याच्या माणसाला झेपतात का? कोणी वापरलाय? कार्बन मोनॉक्साइडपुढे तेही चालत नाहीत म्हणे, पण तेलाच्या वाफेला थोडाफार आळा बसला तरी पुरे.

क्रूमध्ये कोणी असाल तर कृपया लिहा: वास आल्याचं तुम्ही वैमानिकांना कळवता, तेव्हा विमानाच्या तांत्रिक वहीत नोंद होतेच का? प्रवाशाने काय शब्द वापरले तर गांभीर्य कळतं? पुढच्या वेळी वेळ, सीटचा नंबर आणि वास कसा होता हे लगेच फोनमध्ये टिपायचं ठरवलंय. कंपनीने दाद दिली नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करता येते हे ठाऊक आहे. तिथे अशा तक्रारीवर विमानाची खरंच तपासणी झाल्याचा कुणाचा अनुभव आहे का?

आणि नाशिककरांनो, कार्बोक्सीहिमोग्लोबिनची तपासणी रात्री-अपरात्रीही होते असं रुग्णालय आपल्याकडे कुठलं? परतीचं विमान संध्याकाळचं आहे, म्हणून आधीच विचारून ठेवतेय.