मदत हवी आहे: गावच्या घरातले स्मार्ट स्विच सारखे वायफाय सोडतायत

मंडळी, डोकं आउट झालंय, कोणाला अनुभव असेल तर सांगा. गावी (गुहागर तालुका) आईबाबा दोघंच असतात, मी ठाण्याला. गेल्या दिवाळीत ओटी, माजघर, अंगणातला मोठा लाईट आणि मागची पडवी अशा चार ठिकाणी वायफाय मॉड्यूल बसवून घेतले, ते बोर्डाच्या आत मावतात ना डबीएवढे, तेच. बटणं जुनीच ठेवली, म्हणजे त्यांना नवीन काही शिकायला नको. संध्याकाळी अंगणातला लाईट आपोआप लागावा आणि दोघं कुठे लग्नाकार्याला गेले तर मला इथून लावता यावा, एवढंच काम. मेपर्यंत मक्खन चाललं, नातेवाईकांत मी भरपूर भाव खाल्ला.

जून लागला आणि सुरू झालं. आज पडवी ऑफलाईन, दोन दिवसांनी माजघर, मग ओटी पण. ओटीचा बोर्ड तर राउटरपासून चार हातांवर आहे हो! मी जाऊन पुन्हा जोडतो, तीन-चार दिवस नीट चालतं, ठाण्याला परत आलो की परत तेच. सात तासांचा प्रवास एका बटणासाठी, बायको हसते मला.

करून झालेले उपाय म्हणजे राउटर बंद-चालू, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झची नावं वेगळी केली (मॉड्यूल २.४ वरच चालतात), चॅनेल ऑटोवरून काढून ६ वर ठेवला, चौघांना आयपी (घरच्या नेटवर्कमधला पत्ता) कायमचे बांधून दिले. राउटर इन्व्हर्टरवर आहे, तो बंद पडत नाही, नेट पण चालू असतं कारण आई त्याच वेळी मालिका बघत असते. मॉड्यूल बदलू का सरळ? की राउटर?

पहिला प्रतिसाद:
अजून काही बदलू नका. चारही एकदम जात असते तर राउटरवर संशय घेतला असता, तुमचे एकेक करून जातायत. घर जांभ्याचं आहे का? जांभा पाणी पितो, आणि ओली भिंत २.४ चा सिग्नल खाते. त्यात बोर्डाची पेटी पत्र्याची असेल तर बघायलाच नको. ॲपमध्ये मॉड्यूलची माहिती उघडली की सिग्नलचा आकडा दिसतो बहुतेकांत, उणे ६० च्या आसपास असेल तर चिंता नाही, उणे ७५ च्या पलीकडे गेला की आज आहे उद्या नाही. तुमच्या फोनला तिथे रेंज दिसते यावर जाऊ नका, फोनचा अँटेना कुठे आणि त्या डबीतला कुठे.

धागाकर्ता:
जांभ्याचंच, आजोबांच्या वेळचं, भिंती हातभर जाड. पडवीचा आकडा गेल्या खेपेला उणे ८१ होता, म्हणजे ते समजलं. पण ओटी उणे ४८! ती का जावी?

दुसरा प्रतिसाद:
ओटीचं बंद पडलेलं मॉड्यूल बघायला सांगा कोणालातरी. आतला छोटा दिवा कसा लुकलुकतोय ते महत्त्वाचं. सावकाश की भराभर? (मेन बंद न करता बोर्ड उघडायचा नाही हे आईबाबांना आधी सांगा, वायरमनलाच बोलवा.)

धागाकर्ता:
वायरमनने बोर्ड उघडून व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला. भराभर, अगदी टकटकटकटक.

दुसरा प्रतिसाद:
मग त्याने वायफाय सोडलेलं नाही, ते नव्याने जोडून घ्यायची वाट बघत बसलंय. बऱ्याच मॉड्यूलमध्ये भिंतीवरचं बटण लागोपाठ पाचेक वेळा खालीवर केलं की ते पेअरिंगला जातं. काही तीन मिनिटांनी आपोआप जुन्या वायफायवर परत येतात, काही येत नाहीत. काहींना तर नुसती लाईट तीन-चार वेळा फडफडली तरी पुरते, पावसाळ्यात कोकणात ते रोजचंच. आता एक सांगा, घरात बटण खटाखट कोण दाबतं?

धागाकर्ता:
अहो काय बोलताय! बाबा!! आत्ता फोन करून विचारलं. त्यांचं म्हणणं, "बटण खाली असूनही दिवा बंद, वर केलं तर लागतो, मग मी बरोबर होईपर्यंत दाबतो." म्हणजे मी इथून ॲपवर लाईट बंद केला की बटण खालीच राहतं आणि त्यांचं गणित चुकतं. सत्तर वर्षं खाली म्हणजे चालू हे डोक्यात बसलेला माणूस तो. आणि आईने मला कधी सांगितलंच नाही, तिला वाटलं ओरडेन.

पहिला प्रतिसाद:
हाहा, मग दोन वेगळे आजार आहेत. ॲपच्या सेटिंगमध्ये बटणाचा प्रकार निवडता येतो का बघा. आत्ता बटण हललं की दिव्याची स्थिती पालट असं असणार, ते बदलून बटण खाली तर चालू, वर तर बंद असं करा. तुम्ही लांबून काही केलं तर फरक पडेलच, पण बाबांनी एकदा वर-खाली केलं की जागेवर येईल, खटाखट करावं लागणार नाही. आणि एक, गीझर किंवा विहिरीवरचा पंप यातल्या कशावर टाकलेला नाही ना? २ किलोवॅटचा गीझर जवळपास ९ अँपिअर ओढतो, १० अँपिअरच्या डबीवर तो तासभर म्हणजे वितळायची तयारी. पंप तर सुरू होतानाच कितीतरी पट ओढतो, त्याला मध्ये काँटॅक्टर (जड लोड चालू-बंद करणारा मोठा स्विच) लागतोच.

धागाकर्ता:
नाही हो, पंपाला हात लावला तर बाबा घराबाहेर काढतील.

अपडेट: शनिवार-रविवार जाऊन आलो. ओटी, माजघर, अंगण तिन्ही जोडली, बटणाचं सेटिंग बदललं, बाबांच्या हाताने दहा वेळा करून घेतलं. आज अकरावा दिवस, मध्ये दोनदा वादळात लाईट फडफडली तरी ॲपमध्ये तिन्ही हिरवी (ऑनलाईन). पडवी मात्र परवा गेली, दिवा भराभर नाही, सावकाश लुकलुकतोय, म्हणजे ती पेअरिंगला गेलेली नाही, खरोखर सिग्नलचीच. गणपतीला जाणार आहे तेव्हा जुना राउटर मागे ॲक्सेस पॉइंट म्हणून (म्हणजे केबलने जोडून तिथेही वायफाय देणारा) लावायचा विचार आहे, राउटरपासून साधारण २० मीटर केबल लागेल. बाहेरून कौलांच्या कडेने नेऊ का? वानरांचा त्रास आहे, डिशची वायर त्यांनी दोनदा तोडलीय.

दुसरा प्रतिसाद:
बाहेरून नकोच, वानरांपेक्षा विजेची भीती जास्त. जवळ कुठे पडली तर केबलवाटे दोन्ही राउटर जातील. माजघराच्या माळ्यावरून पीव्हीसी पाइपातून न्या, आणि पाइपाची टोकं बुजवा नाहीतर उंदीर आहेतच.