अँजिओप्लास्टीनंतर नानांना फारच कमी ऐकू येतंय. हृदयाचा काही संबंध?

साखरपेठकर:
आमचे नाना ६८ वर्षांचे. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर चादरी काढण्यात हयात गेली. बीपी, शुगर जुनीच. गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. कान आधीपासून जड, म्हणजे कुकरची शिट्टी ऐकू यायची नाही, पण माणसाचं बोलणं कळायचं. आता माझा भाऊ खर्जात बोलतो तेही पोचत नाही. घरातले म्हणतात, मागाचा आवाज, दुसरं काय! पण माग सोडून दहा वर्षं झाली की. मग आत्ताच का?

रिटायर्ड_जॉबर:
मागावरच्या माणसाला कान कुठले ताई? आम्ही शेडमध्ये ओठ बघूनच बोलायचो. कापसाचे बोळे घालायचो, काडीचा उपयोग नाही. कानाचं मशीन घ्या आणि मोकळे व्हा.

कानमोजणी (ऑडिओलॉजिस्ट आहे):
काका, एवढ्यात मशीन नको. मागाच्या आवाजाची खूण ठरलेली असते: कानाच्या तपासणीच्या ग्राफमध्ये ४००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे वरच्या सुरांत, खड्डा. शिट्टी गेली ती त्यामुळे. आणि आवाजापासून लांब गेल्यावर ते नुकसान सहसा पुढं सरकत नाही. वयाचा भाग आहेच, पण ताईंची शंका रास्त आहे.

खालचे सूर, २५०-५०० हर्ट्झचे, उतरले असतील तर मी आधी मळ आणि पडदा बघते, मग रक्तपुरवठ्याचा विचार करते. आतल्या कानातल्या शंखाला एकच बारीक धमनी रक्त देते, दुसरी वाट जवळजवळ नाहीच. लाइनीच्या शेवटच्या नळासारखी गत. प्रेशर कमी झालं की पहिला तोच कोरडा. बीपी, शुगर, बिडी हृदयाच्या वाहिन्यांचं जे करतात तेच हिचंही. खालचे सूर जाणं आणि हृदयविकार ही जोडी अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासात दिसली होती, बायकांमध्ये जास्त. अर्थात नानांचं कारण तेच, असं ग्राफ न बघता मी म्हणणार नाही.

गोळ्यांची यादी सोबत न्या. पाणी उतरवायचं फ्युरोसेमाइड मोठ्या डोसात, विशेषतः शिरेतून दिलेलं, कानाला बाधू शकतं. पण स्वतःच्या मनानं एकही गोळी बंद करायची नाही. स्टेंट असेल तर रक्त पातळ करणारी तर नाहीच नाही.

आणि हे एक-दोन दिवसांत अचानक झालंय का? तसं असेल तर आजच कान-नाक-घसावाल्यांकडे जा. स्टिरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांतच जास्त होतो.

साखरपेठकर:
नाही, हळूहळू, दोन्ही कान. बिडी सोडली म्हणतात, पण धुवायला टाकलेल्या शर्टात काडेपेटी निघते! अजून एक. मागं तपासणीत शब्द म्हणायला लावले, निम्मे चुकले. नाना घरात तेलुगूच बोलतात.

कानमोजणी:
मग ते शब्दांचे मार्क धरूच नका. कान चुकला की मराठी, कळणार कसं? तेलुगू शब्दांची यादी असते, ती मागा. आणि कानामागं हाडावर लावून करतात ती चाचणी जुन्या रिपोर्टात आहे का बघा; दोष मळ-पडद्याकडचा की आतल्या कानाचा, ते तिच्यावरून कळतं. बऱ्याच ठिकाणी घाईत ती राहून जाते.