मदत हवी आहे: व्यायाम केल्यावर शुगर कमी व्हायच्या ऐवजी वाढतेय

घामाघूम
कोणाला माहीत असेल तर लवकर सांगा. व्यायाम कर, शुगर खाली येईल असं सगळ्यांनी सांगितलं म्हणून सुरू केला आणि घरच्या मशीनवर बघतोय तर व्यायामाआधी १३२ आणि संपल्यावर लगेच १७१. एकदा नाही, बऱ्याचदा असंच होतंय, पट्ट्यांची नवीन डबी आणली तरी तेच. मग एवढं दमायचं कशाला, बंदच करू का? अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात आहे, त्यामुळे 'डॉक्टरांना विचारा' एवढंच लिहून जाऊ नका.

मोकळीहवा
कोणता व्यायाम? किती वाजता, उपाशी की खाऊन? टाइप १ की टाइप २? इन्सुलिन चालू आहे की गोळ्या? यातलं काहीच लिहिलेलं नाही, सांगणार कसं?

रोजचालणारी
चाला हो फक्त. मी कित्येक वर्षं चालतेय, रोज दहा हजार पावलं, दुसरं काही करत नाही आणि रिपोर्ट चांगले येतात. उड्याबिड्या मारत असाल तर सोडा.

लोखंडप्रेमी
नुसतं चालून भागत नाही ताई. रक्तातली साखर सगळ्यात जास्त साठते ती स्नायूंमध्ये, आणि तिशीनंतर काहीच केलं नाही तर तेच स्नायू दर दशकात कमी होत जातात. साठवायची जागाच आटली तर साखर जाणार कुठे? वजनं उचला. आणि दहा हजार हा काही डॉक्टरांनी काढलेला आकडा नाही, १९६० च्या दशकात जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आणलं त्याच्या नावातून तो आला.

रोजचालणारी
आकडा कुठूनही येऊ दे, मी उठून चालते तर खरी. चालणं आयुष्यभर जमतं, वजनं सगळ्यांना जमतात का?

मोकळीहवा
दोन्ही लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि शिवाय किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगितलाय. यावर वेगळा धागा काढा ना, इथे त्यांचा प्रश्न राहून जातोय.

घामाघूम
व्यायाम म्हणजे व्यायाम, जोरात. जिने धावत चढतो-उतरतो, मग बर्पी (खाली बसून पाय मागे टाकायचे, परत उठून उडी मारायची), पार धाप लागेपर्यंत. सकाळी उपाशीपोटी. टाइप २. गोळी चालू आहे.

हळूहळू
वजन कमी करायचं असेल तर रात्रीचं जेवण लवकर करा, मला खूप फरक पडला.

घामाघूम
वजनाचं कोणी विचारलंय? शुगरचं सांगा.

तपासनीस
मी लॅबमध्ये काम करते, हा प्रश्न आमच्याकडे नेहमी येतो. धाप लागेपर्यंत जोर लावला की शरीर अ‍ॅड्रेनलिन सोडतं, आणि त्या हुकमावर लिव्हर साठवलेली साखर रक्तात ओतते. त्या वेळी स्नायू जेवढी ओढतात त्यापेक्षा लिव्हर जास्त सोडतं म्हणून आकडा वर दिसतो. त्यात सकाळी उपाशीपोटी लिव्हर तसंही साखर सोडतच असतं. हे तात्पुरतं आहे, व्यायामानं नुकसान होतंय असा त्याचा अर्थ नाही. उलट आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता साखर आत घेतो, आणि व्यायाम संपल्यावरही साधारण एक-दोन दिवस इन्सुलिन जास्त चांगलं काम करतं. म्हणून संपल्या संपल्या मोजून काही ठरवू नका, दोन तासांनी परत मोजा. खरा हिशोब एचबीए१सी या रक्ततपासणीचा, त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दिसते. आणखी एक, बोट टोचण्याआधी साबणाने हात धुऊन नीट कोरडे करा. फळ सोलून तसंच बोट टोचलं तरी आकडा फुगतो, मी डोळ्यांनी बघितलंय.

लोखंडप्रेमी
म्हणजे जोरदार व्यायाम चुकीचा नाही, हेच मी म्हणतोय.

तपासनीस
चुकीचा नाही, पण थेट तिथून सुरुवात नको. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही एवढा वेग पुरे. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललात तरी जेवणानंतर शुगर कमी चढते. छातीत दाब किंवा चक्कर आली तर तिथेच थांबायचं, ताबडतोब मदत घ्यायची.

जुनीपानं
चालणं की वजनं या वादावरून आठवलं. १९५३ मध्ये लंडनच्या डबलडेकर बसवरचा अभ्यास छापून आला, जेरेमी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. दिवसभर बसून बस चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिना चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी दिसला. कोणी जिमला गेलं नव्हतं, कामातच हालचाल होती.

सांधेदुखी
गुडघे दुखत असतील तर जिने चालतील का? कोणते बूट घ्यावेत?

मोकळीहवा
गुडघ्यांसाठी वेगळा धागा काढा प्लीज. घामाघूम, गोळीचं नाव राहिलंय, ते फार महत्त्वाचं आहे.

घामाघूम
मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. काल रात्री जेवून सपाट रस्त्यावर चाललो, १६८ वरून १३९ झाली. जिने चढल्यावर दोन तासांनी पण मोजली, १२६. मग ग्लिमेपिराइड कमी करू का आता?

तपासनीस
स्वतः अजिबात कमी करू नका. पण नाव सांगितलंत ते फार बरं झालं. मेटफॉर्मिन एकटं असताना शुगर सहसा फार खाली जात नाही, ग्लिमेपिराइडने जाऊ शकते, आणि व्यायामानंतर काही तासांनी, अगदी रात्री झोपेतसुद्धा. हातपाय थरथरले, दरदरून घाम आला, अचानक भूक लागली तर मोजा. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर घ्या, १५ मिनिटांनी परत मोजा. खिशात ग्लुकोज ठेवल्याशिवाय बाहेर पडू नका. तोवर उपाशीपोटी धावणं थांबवा, जेवणानंतरचं चालणं चालू ठेवा. व्यायामाआधी, लगेच नंतर आणि दोन तासांनी असे तिन्ही आकडे वेळेसकट कागदावर लिहून पुढच्या आठवड्यात न्या. डोस बदलायचा की नाही ते डॉक्टर त्यावरून ठरवतील. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झालीय का तेही विचारा, पडद्यावर त्रास असेल तर जड वजनं उचलण्याआधी परवानगी लागते.

घामाघूम
पडद्याची तपासणी झालेली नाही, विचारतो. आकडे आजपासून लिहायला घेतो.