सकाळी उठताना पडणं: गोळ्याही तपासा

वयस्कर काका पडू नयेत म्हणून काय करावं, असं इथे विचारलंय. न्हाणीघरात धरायला दांड्या आणि खरखरीत फरशी हवी, हे इतरांनी लिहिलंय ते मान्यच. पण रात्री पलंगाचे कठडे वर करून ठेवायचा त्यांचा सल्ला मला पटत नाही. लघवीची घाई झालेलं माणूस कठडा ओलांडू बघतं आणि जास्त उंचावरून पडतं. स्मृतिभ्रंश असेल तर हा धोका आणखीच. त्यापेक्षा पलंग बुटका ठेवा, संडासाच्या वाटेवर रात्रभर दिवा असू द्या आणि निजण्याआधी कुणीतरी हात धरून नेऊन आणा.

औषधांबद्दल मात्र इथे कुणीच बोललं नाही. माझी आत्या बडोद्याला वृद्धाश्रमात असते. ती पडायची ती नेमकी सकाळी, तेही कोरड्या फरशीवर! तिथल्या सिस्टरनी तिचं बीपी आधी आडवं असताना आणि मग उभं केल्यावर ३ मिनिटांच्या आत मोजलं. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर तोल जाण्याचं ते मोठं कारण असू शकतं. आत्याचा त्याहून जास्त उतरत होता. डॉक्टरांनी बीपीच्या गोळीचा डोस बदलला, झोपेची गोळी हळूहळू कमी करत बंद केली. आता ती आधी पाय खाली सोडून जरा वेळ बसते, पावलं हलवते, मगच उठते. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनीही बीपी असंच उतरतं, तेव्हा काकांच्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना जरूर दाखवा. स्वतःहून मात्र एकही गोळी बंद करू नका.