वडापावातला पाव : पोर्तुगीज की पावशेराचा?

शब्दचिकित्सक

'पाव म्हणजे चौथा भाग. पूर्वी चार पाव जोडून भाजत, म्हणून एकाला पाव म्हणू लागले' हा मजकूर दर काही महिन्यांनी फिरत येतो. त्याचा जोडभाऊ 'कणीक पायाने मळत, म्हणून पाव'. दोन्ही चूक आहेत असं माझं मत. कारणं देतो, खोडून काढा.

खायचा पाव पोर्तुगीज. त्या भाषेत उच्चार साधारण 'पांउ', शेवट नाकात. मूळ लॅटिन 'पानिस'. त्याचंच इटालियनमध्ये पाने आणि स्पॅनिशमध्ये पान झालं. मोजायचा पाव संस्कृत 'पाद'चा: पाद, पाअ, पाव. जनावराला चार पाय, तेव्हा एक पाय म्हणजे चौथाई. पाऊण (पाद + ऊन), सव्वा (सपाद), पावकी, चार आण्यांची पावली हे सगळं त्याच घरातलं. 'देवा, मला पाव' मधला तिसरा, तो 'प्राप्'चा, पावती त्याची.

तिन्ही मराठीत येऊन एकरूप झाले, म्हणून फक्त मराठीत शोधून निकाल लागत नाही. शेजारी जा. गुजरातीत चौथाई म्हणजे 'पा' (पावशेराला 'पाशेर'), आणि खायचा तो 'पांउ', अनुस्वारासकट. बंगालीत चौथाई 'पोया', खायची ती 'पाउरुटी'. सिंहलीत चौथाई 'काल', खायचा 'पान्'. शब्द एकच असता तर तीन भाषांनी दोन-दोन रूपं कशाला ठेवली असती?

तागडी

असहमत. निदान अर्धा.

मापावरून वस्तूला नाव पडतं, हे तुम्ही गाळलंत. दारूच्या दुकानात 'क्वार्टर' मागतात तेव्हा कोणी 'कशाचा चौथा भाग?' विचारत नाही. नवटाक हे शेराच्या आठव्या भागाचं माप, पण मुंबईत त्याचा अर्थ गावठी दारूच झाला. इंग्लंडात तर पिठाच्या मापावरून 'क्वार्टर्न लोफ' होता. मग पावशेराच्या रोटीला पाव म्हणायला काय हरकत?

दुसरं, हिंदीतली 'पाव रोटी'. पाव म्हणजेच रोटी असेल तर रोटी दोनदा कशाला? तिथे 'पाव' विशेषण म्हणून बसतं.

तिसरं, ८० तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम, पावशेर २३३. आजचा पाव ४० ग्रॅमच्या आसपास धरला तर सहाची लादी २४०. हा योगायोग म्हणायचा?

शब्दचिकित्सक

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण तिथे तुमचं गणितच तुमच्या विरुद्ध जातं. २४० ग्रॅमची ती लादी. मग 'पाव' हे लादीचं नाव हवं होतं. प्रत्यक्षात सुटा तो पाव आणि जोडलेली ती लादी, आणि लादी हा शब्द फरशीवरून आलेला. नाव पडलंय त्या ४० ग्रॅमच्या नगाला, जो शेराचा तेविसावा-चोविसावा भाग होतो. शिवाय लादी सहाची, आठची, बाराची असते. 'चार जोडून' हे तिथेच कोसळतं.

क्वार्टरचं उदाहरण चांगलं आहे, पण त्यात माप जिवंत आहे: ७५० मिलीची बाटली, १८० मिलीचा क्वार्टर. पावाच्या बाबतीत 'अर्धा' किंवा 'शेर' नावाची मोठी रोटी कुठे आहे? मापावरून आलेली नावं एकटी येत नाहीत, क्वार्टरबरोबर हाफ असतोच.

पाव रोटी: परका शब्द आणि शेजारी त्याचा ओळखीचा अर्थ, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. कागदपत्र, बाजारहाट, धनदौलत. यात कोण कोणाचं विशेषण?

मांडवीकाठ

गोव्याकडून भर घालतो. पाव भाजणारा तो 'पोदेर', पोर्तुगीज 'पादेइरु'पासून. भट्टीला 'फोर्न', तेही पोर्तुगीज. कारागीर आणि भट्टी तिकडची असताना भट्टीतून निघणाऱ्या मालाचं नाव तेवढं पावशेरावरून पडलं म्हणणं जरा ओढूनताणून वाटतं. स्थानिक काय होतं? खमीर. यीस्ट मिळत नसे, म्हणून माडाची सूर (माडी) घालून पीठ फुगवत. सूर ताजी हवी. ती आंबून व्हिनेगर व्हायला लागली की फुगवण्याची ताकद जाते आणि पावाला आंबूस वास येतो. आकारांची नावंही इथली: उंडो, कोंड्याची पोकळ पोयी, बांगडीसारखं कांकण.

पण मुख्य मुद्दा उच्चाराचा. २४ जूनला विहिरीत उड्या मारतात तो सण 'सांजांव'. मूळ पोर्तुगीज 'सांउ जुआंउ', म्हणजे संत जॉन. शेवटचं नाकातलं '-आंउ' कोकणीत '-आंव' होतं, हे त्या एका सणात दिसतं. सेबाश्तियांउचा बोस्त्यांवही तसाच.

अनुनासिक

मांडवीकाठ यांचा धागा पुढे ओढतो, कारण खरा पुरावा इथे आहे. एका शब्दाच्या साम्यावर काही सिद्ध होत नाही. त्याच शेवटाचे आणखी शब्द घेऊन त्याच वाटेने गेले का ते बघायचं.

पोर्तुगीज 'लेइलांउ', म्हणजे बोली लावून विक्री. मराठीत 'लिलाव', गुजरातीत 'लीलाम', हिंदीत 'नीलाम', बंगालीत 'निलाम'. म्हणजे नाकातला शेवट काहींनी 'म' केला, मराठीने 'व' केला आणि नाक सोडून दिलं. आता 'बोतांउ', म्हणजे बटण: बंगालीत 'बोताम', जपानीत 'बोतान'. आणि आपला शब्द जपानीत 'पान'. जपानी माणसाला शेवटी 'न' ऐकू आला, बटणात आणि पावात सारखाच. पूर्व तिमोरच्या तेतुम भाषेत 'पाउन'. प्रत्येक भाषेने आपापल्या सवयीने तो शेवट बसवला.

मराठीत अनुनासिक का गेलं, याचं उत्तर परदेशात शोधायला नको. ग्राम, गांव, गाव. नाम, नांव, नाव. उच्चारातून नाक आधीच गळलं होतं, १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी अनुस्वारही काढला. गुजराती अजून 'गाम' आणि 'नाम' म्हणते, म्हणून तिचं 'लीलाम'ही तसंच. पाव याच रांगेत उभा आहे.

तारखाही जुळतात. वसई पोर्तुगीजांकडे १५३४ ते १७३९, गोवा १५१० पासून, बंगालात हुगळीची वसाहत १६३२ला मोडली, जपानात ते १५४३ला पोहोचले, कोलंबो १६५६ला गेलं. या बंदरांच्या मागे हा शब्द आहे. पाद, पावशेर या मार्गाने जपानला कसा जाणार?

तागडी

मग 'साबांउ'चं 'साबाव' का नाही झालं? साबण कसा? तुमचा नियम सोयीने चालतो.

अनुनासिक

शालेय यादीत साबण पोर्तुगीज म्हणून छापतात, म्हणून हा प्रश्न येतो. अरबी 'साबून' फारसीतून आपल्याकडे आला, हिंदी 'साबुन' त्याचाच, आणि मराठी साबण त्याच्या जास्त जवळ बसतो. नियम लावायचा तो ज्या शब्दाची वाट नक्की आहे त्यावर. लिलावाला अरबी किंवा फारसी दावेदार नाही.

पूर्वेकडचा वारा

चिनी भाषेत ब्रेडला 'म्येनपाव' म्हणतात. वाफवलेला तो 'बाव'. मग पोर्तुगीजांनीच चीनकडून उचलला नसेल कशावरून?

शब्दचिकित्सक

चिनी 'बाव' म्हणजे गुंडाळणे, पुडी. 'म्येन' म्हणजे पीठ. आणि पोर्तुगीज शब्दाची साखळी लॅटिनपर्यंत सलग आहे, पोर्तुगीज जहाजं मकावला लागण्याच्या दीड हजार वर्षं आधीपासून. दोन-तीन ध्वनींच्या शब्दांत हे होणारच. 'प', 'आ' आणि ओठांचा शेवट, एवढ्यावर जगातल्या अर्ध्या भाषांत काहीतरी सापडेल. पोर्तुगीजमध्येच 'पाउ' म्हणजे लाकूड. नाक विसरलात तर दुकानात ओंडका मागाल.

अवांतर: कंपनी हा शब्द त्याच 'पानिस'चा. 'कोम' म्हणजे सोबत. एकत्र भाकर मोडणारे ते कंपनी.

मांडवीकाठ

आणखी एक. गोव्याचे भाषापंडित दालगादु यांनी आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांचा कोश १९१३ साली काढला, त्यात हा शब्द आहे. म्हणजे ही बाजू व्हॉट्सअ‍ॅपच्या खूप आधीची.

तागडी

पाय-मळणीची कथा मी कधीच मानली नव्हती. मराठीत तो अवयव 'पाय', 'पाव' नव्हे. लिलावाचा पुरावाही वजनदार आहे. तरी एक मुद्दा सोडत नाही. चावी, बटाटा यांच्यासारखे कितीतरी पोर्तुगीज शब्द मराठीत एकटे आले. पाव आला तेव्हा इथे दुसरा पाव बसलेला होता, रोज बाजारात तोंडात असणारा. तो नसता तर मराठीत 'पांव' किंवा 'पाम' राहिला नसता कशावरून? उगम परका असेल, बैठक देशी आहे.

अनुनासिक

लिलावाला कोणता देशी लिलाव वाट दाखवायला होता?

तागडी

'लाव' होता की. बोली लाव, पैसे लाव.

अनुनासिक

'लि'चं काय करायचं मग? बरं, तरी असं जोडून बघा. देशी पावाची छाप असती तर चालही घेतली असती. चौथाईचा पाव किलोमागे अविकारी राहतो: पाव किलोला, पाव किलोचा. खायचा पाव सरळ पुल्लिंगी नाम, गावासारखा चालतो: पावाला, पावात, पावाचा. ऐकायला एक, व्याकरणाला दोन.

तागडी

१७३९ नंतर वसई मराठ्यांकडे आली. त्या वेळच्या मोडी हिशेबात 'पांव' असा अनुस्वार दिसला तर मानेन.

शब्दचिकित्सक

मोडीत अनुस्वार सहसा देत नाहीत, त्या वाटेने तुम्ही कधीच हरणार नाही. त्यापेक्षा पुढचा रकाना बघा: पाव नगाने मांडलाय की वजनाने. शेर-नवटाकात मांडलेला सापडला तर इथे टाका.